मानेतल्या धमनीत स्टेंट की ऑपरेशन? मदत हवी आहे

वडील ७४ वर्षांचे, मुक्काम सांगली. गेल्या आठवड्यात चहा पिताना उजव्या हातातून कप निसटला, जीभ जड झाली आणि थोड्या वेळात सगळं पूर्ववत. सीटी अँजिओत डावी कॅरोटिड (मानेतून मेंदूला रक्त नेणारी धमनी) ८० टक्के बंद निघाली. उजवी ठीक, मेंदूच्या आतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू आहे. बीपी-शुगर आटोक्यात. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) १.६, म्हणजे थोडं जास्त, आणि २०१९ मध्ये हृदयात स्टेंट बसवलाय.

दोन मतं घेतली, दोन्ही उलटी. एक डॉक्टर म्हणतात, मांडीतून कॅथेटर नेऊ, गुठळीचे कण मेंदूत जाऊ नयेत म्हणून वर फिल्टरची छत्री उघडू आणि स्टेंट टाकू. व्हॅस्क्युलर सर्जन म्हणतात, सत्तरीपुढे मान उघडून धमनी साफ करणंच बरं. या दोन्ही उपायांची तुलना करणाऱ्या क्रेस्ट चाचणीचे २०१० चे निष्कर्षही वाचले: स्टेंटमध्ये स्ट्रोक जास्त, ऑपरेशनमध्ये हार्ट अ‍ॅटॅक जास्त. म्हणजे वय एकीकडे ओढतंय, हृदय दुसरीकडे!

नुसत्या गोळ्यांवर राहायला दोघांचाही नकार आहे. काढे, चिलेशन (सलाईनमधून औषध देऊन धमन्या साफ करण्याचा दावा) कृपया सुचवू नका. लक्षणांपासून दोन आठवड्यांच्या आत उरकायला सांगितलंय, त्यामुळे मुंबई-पुण्याला फेऱ्या मारत बसायला सवड नाही.

या वयात, हृदयात आधीचा स्टेंट असताना कुणाच्या घरी यातलं काही झालंय का? १.६ क्रिएटिनिनवर डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते, किडनीला त्रासदायक ठरू शकणारं द्रव्य) द्यायला डॉक्टर कचरले का? आणि डॉक्टरांना त्यांच्या स्वतःच्या हातच्या केसेसमधलं स्ट्रोकचं प्रमाण न दुखावता कसं विचारायचं?