पावसाळ्यात प्लास्टिक मॉडेलवरचा मॅट (चमक नसलेला) थर पांढरा पडला. काढून टाकावा की थांबावे?

फोंडेकर:
नमस्कार. गेले दोन महिने रात्री वेळ काढून १/१०० प्रमाणातला आरएक्स-७८-२ गंडम (जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या महाकाय यंत्रमानवाचे प्लास्टिकचे मॉडेल) जोडला. प्रत्येक भाग चौकटीपासून निपरने (छोट्या कातर-पकडीने) आधी थोडा लांबून आणि मग जवळून असा दोनदा कापला, उरलेले खुंट ४०० आणि ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासले आणि खाचांत काळसर इनॅमल रंग सोडला. रविवारी पावसाने उघडीप दिली म्हणून बाल्कनीत जाऊन कॅनमधल्या लॅकरचा मॅट थर मारला, तर दहा मिनिटांत निळी छाती आणि तांबडे पोट राख फासल्यासारखे दिसू लागले. हातपाय मुळातच पांढरे असल्यामुळे तिथे काही कळत नाही, एवढेच समाधान. हा थर थिनरने पुसून काढावा का? शिवाय मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांत हे यंत्र अगदीच खेळणे वाटते, त्यावरही उपाय सुचवावा.

म्हापसेकर:
थिनरने पुसू नका. पॉलिस्टायरीनवर लॅकर थिनर घासला तर प्लास्टिकच विरघळू लागेल आणि खाचांतल्या रेषाही जातील. झाले असे की लॅकरमधला द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड झाला, हवेतली वाफ त्यावर जमली आणि थरातच अडकली. पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असे आपल्याकडे जून ते सप्टेंबरात समजू नये. आर्द्रतामापक घ्या आणि काटा ७० टक्क्यांच्या खाली असेल त्याच दिवशी फवारा. कॅन काही मिनिटे कोमट (गरम नव्हे) पाण्यात ठेवा, चांगला हलवा आणि त्याच जातीच्या चकचकीत लॅकरचा एक पातळ हात द्या. त्याने खालचा थर पुन्हा मऊ होतो आणि अडकलेली वाफ बहुधा निघून जाते. तो वाळला की मग मॅट. पहिला प्रयोग ढालीच्या मागच्या बाजूवर करावा. आणखी एक: एसीच्या खोलीतून भाग थेट बाल्कनीत नेऊ नका, चष्म्यावर जमते तसे दव त्यावरही जमते.

चित्रशाळेतला:
आमच्या घरी गणपतीची चित्रशाळा आहे, त्यामुळे भर पावसात रंगकाम करण्याची आम्हाला सवय आहे. तरीही आमची पद्धत तुम्ही जशीच्या तशी उचलू नये असे सांगतो. माती ओल शोषून घेते आणि मूर्तीजवळ मोठे बल्ब लावले तरी चालते. प्लास्टिक काहीच शोषत नाही आणि बल्बच्या उष्णतेने अँटेनासारखे पातळ भाग वाकतात. पुढे एअरब्रश घेतलात तर नळीला पाणी अडवणारा फिल्टर अवश्य लावा. आमच्या कॉम्प्रेसरमधून पावसाळ्यात रोज संध्याकाळी पाणी सोडावे लागते. ते मूर्तीच्या गालावर उडाले की दिवसभराची मेहनत वाया जाते.

पणजीचा छायाचित्रकार:
छायाचित्राबाबत लिहितो. हे यंत्र कथेत १८ मीटर उंच आहे, म्हणजे तुमच्या टेबलावर १८ सेंटीमीटर. त्याच प्रमाणात माणसाचे डोळे टेबलापासून जेमतेम दीड सेंटीमीटरवर येतात, आणि आपण मात्र उभे राहून वरून टिपतो, खेळणे दिसणारच. मोबाइल उलटा धरून त्याची भिंग असलेली कड टेबलाला टेकवा आणि किंचित वर पाहा. टोकियोतील ओडायबा येथे २००९ साली उभारलेल्या पूर्णाकृती पुतळ्याची लोकांनी काढलेली छायाचित्रे पाहिलीत तर कोन लगेच लक्षात येईल. मागे करडा चार्टपेपर मेजावरून भिंतीवर वळवून लावा, खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या आणि दुसरीकडे पांढरा पुठ्ठा उभा करा. पांढरे चिलखत उजेडात सपाट दिसते, म्हणून एक्स्पोजर थोडे खाली आणा. कॅमेरा असेल तर तिपाई, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ/११, म्हणजे भिंगाचे छिद्र लहान. इतक्या जवळून छिद्र मोठे ठेवले तर डोळे स्पष्ट येतात आणि खांदे धूसर होतात. पावसाळी ढगांतून येणारा मवाळ उजेड या कामाला उन्हापेक्षा चांगला, तेवढा फायदा करून घ्या.

फोंडेकर:
सर्वांचे आभार. काल दुपारी काटा ६६वर आला तेव्हा ढालीच्या मागे चकचकीत लॅकरचा पातळ हात दिला. राख गेली आणि तांबडा रंग परत आला. एका कोपऱ्यात बोटभर डाग राहिला आहे, तिथे बहुधा फवारा पोचला नाही. छातीला चवथीनंतरच हात लावीन. मोबाइल उलटा धरून छायाचित्र काढले, तर टेबलावरचा भाताचा कण दगडाएवढा दिसला. आता आधी टेबल पुसतो.