ॲडलेडला ‘तीन वर्षं काढायचं गाव’ म्हणणाऱ्यांसाठी

सांगलीकर:
परवा इथे एका मुलाने विचारलं होतं, ॲडलेडला यावं का? त्याला मिळालेलं उत्तर वाचल्यापासून माझं डोकं तापलंय. उत्तर असं: “ॲडलेड म्हणजे पेन्शनरांचं गाव. ४९१ व्हिसा घे (मोठ्या शहरांबाहेर राहायच्या अटीचा, तात्पुरता), व्हिसाच्या हिशेबातले पंधरा गुण पदरात पाड, तीन वर्षं कशीबशी काढ आणि पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात पडली की सिडनी-मेलबर्न गाठ. तिथे कायमचं राहणं म्हणजे मुलांचं नुकसान.” आणि त्याखाली आपल्याच लोकांचे धडाधड अंगठे.

मी २०१२ पासून इथे आहे. माझ्या मुलांचं काय नुकसान झालं ते मला कोणीतरी समजावून सांगा. मॉडबरी उपनगराहून मी ओ-बान बसने शहरात जातो. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधून बस धावते, चालकाला स्टिअरिंग धरावं लागत नाही, वाटेत सिग्नल नाही की गर्दी नाही. १९८६ पासून हे चालू आहे. साडेपाचला ऑफिसातून निघालो तर सव्वासहाला मी मुलीच्या शेजारी गणितं घेऊन बसलेला असतो. सिडनीतला माझा आतेभाऊ मुलांना रविवारीच जागं बघतो.

सर्वेक्षक कर्नल लाइटने १८३६-३७ मध्ये शहर आखताना भोवती बागांचं कडं सोडलं, ते बरंचसं अजून शाबूत आहे. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समुद्र. आमचा किनारा पश्चिमेला आहे. सासूबाई गुहागरच्या. त्या आल्या तेव्हा पहिले पंधरा दिवस घरात नुसत्या खिडकीशी बसून असायच्या. एका संध्याकाळी डब्यात थालीपिठं घेऊन त्यांना हेन्लीच्या वाळूवर नेलं. सूर्य पाण्याला टेकला, तशा बायकोचा हात धरून म्हणाल्या, “हा तरी आपल्यासारखाच बुडतो गो.” त्यानंतर रोज चारला त्यांच्या पायात चपला असायच्या. हे सिडनीच्या बाँडायला मिळणार नाही, तिथला समुद्र पूर्वेला आहे.

लोकांना इथे येऊ द्या, राहू द्या. गावात पाऊल टाकण्याआधीच पळून जायचे सल्ले देऊ नका.

पॅरामॅटाकर:
ते उत्तर माझं होतं, त्यामुळे मीच बोलतो. मी ऐकीव गोष्टी सांगत नाही. २०१५ ते २०१९ चार वर्षं ॲडलेडच्या सॉल्सबरीत काढली आहेत. सूर्यास्त मीही पाहिलेत, पण सूर्यास्तावर हप्ते फिटत नाहीत.

माझी नोकरी गेली तेव्हा सात महिने घरी होतो. माझ्या कामाच्या कंपन्या शहरात मोजून पाच. तिघांनी मुलाखत घेतली, आणि तिसऱ्या मुलाखतीत समोर बसलेला माणूस पहिल्या कंपनीतूनच तिकडे गेलेला. मला बघून म्हणाला, “आपण भेटलोय ना?” लहान शहरात एक दार बंद झालं की बाकीच्या दारांना ते आधी कळतं. सिडनीत अकराव्या दिवशी ऑफर हातात होती.

शेजारचे काका होल्डनच्या मोटार कारखान्यात सव्वीस वर्षं होते. २० ऑक्टोबर २०१७ ला एलिझाबेथ उपनगरातला तो कारखाना बंद झाला त्या दिवशी ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, आम्ही चहा घेऊन गेलो तर कप तसाच गार झाला. त्याआधी २००८ मध्ये मित्सुबिशीचा मोटार कारखाना गेला होता. एका मोठ्या धंद्यावर उभं असलेलं गाव त्या धंद्याबरोबर बसतं. आणि उन्हाळा? २४ जानेवारी २०१९ ला ४६.६ अंश. मोठ्याला घेऊन आम्ही दिवसभर न्हाणीघराच्या फरशीवर बसलो होतो.

सांगलीकर:
उन्हाचं तुम्ही तरी काढू नका. ४ जानेवारी २०२० ला तुमच्या सिडनीतल्या पेनरिथला ४८.९ होतं. पॅरामॅटाहून किती लांब आहे ते?

मित्सुबिशी गेली त्याच टॉन्सलीच्या जागेवर आज फ्लिंडर्स विद्यापीठाचे वर्ग भरतात. ऑसबोर्नला नौदलाची जहाजं बांधतात, पुढे पाणबुड्या होणार आहेत. इंजिनियर मिळत नाहीत म्हणून ओरड चालू आहे.

वेल्डिंग_ते_व्हिसा:
सांगलीकर दादा, ऑसबोर्नचं नाव काढलंत म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचतो.

मी मेकॅनिकल. इथूनच मास्टर्स केलं. ओरड चालू आहे हे खरं आहे, पण त्या ओरडीत आपण नाही. तिथल्या कामाला सुरक्षा मंजुरी लागते, आणि त्यासाठी नागरिकत्व. आता हिशेब करा. ४९१ वर तीन वर्षांचे करपत्र दाखवायचे, मग १९१ चा, म्हणजे पीआरचा अर्ज, मग तो निघेपर्यंत थांबायचं, मग नागरिकत्वासाठी शेवटचं एक वर्ष पीआरवर हवं. तोपर्यंत माझ्या हातातली वेल्डिंगची तपासणी विसरायला झाली. सध्या मी वृद्धाश्रमात आजोबांना आंघोळ घालतो. ते काम वाईट आहे असं मी म्हणत नाही, आजोबा माझी वाट बघतात. पण “इंजिनियर मिळत नाहीत” हे वाक्य ऐकलं की छातीत कळ येते.

सांगलीकर:
तुझ्याबद्दल खरंच वाईट वाटलं. हा मुद्दा मी धरला नव्हता. पण अट देशाची आहे, ॲडलेडची नाही.

पॅरामॅटाकर:
अट देशाची असली तरी सिडनीत अशी मंजुरी न लागणारे दहा कारखाने आणखी आहेत. हेच तर सांगतोय.

उपाशी_शनिवार:
नोकरी-बिकरी राहू द्या. मला एवढंच सांगा, एका राज्याच्या राजधानीत मोठी दुकानं शनिवार-रविवारी संध्याकाळी पाचला बंद होतात हे कोणाला पटतं? मागच्या महिन्यात पाहुणे येणार होते. मुलाची पोहण्याची स्पर्धा संपवून पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो. शटर खाली. आत दिवे चालू, माणसं फिरतायत, आणि मी काचेतून कोथिंबिरीची जुडी बघतेय. सणाच्या सुट्टीला तर एका दुकानात अर्ध्या रांगा दोरी बांधून बंद केलेल्या पाहिल्या, म्हणे क्षेत्रफळ नियमात बसवायला! दुकानांच्या वेळांचा १९७७ चा कायदा अजून गळ्यात. मेलबर्नला माझी बहीण रात्री अकराला दूध आणते.

रात्रपाळी:
ताई, त्या काचेच्या आत फिरणारी माणसं म्हणजे मी. सुपरमार्केटमध्ये आठ वर्षं झाली.

तुमच्या जुडीसाठी मी शनिवारी नऊपर्यंत थांबावं असं म्हणताय तुम्ही. पाचला दार बंद, सहाला आवराआवर, साडेसहाला घरी. आठवड्यातली ती एक संध्याकाळ चौघं एका ताटाशी बसतो. माझी मुलं त्या दिवशी वरण-भात मागतात, पिझ्झा नाही. आधी मी मेलबर्नला हेच काम करायचे. तिथे धाकटी दोन वर्षांची होईपर्यंत मला “बाय मम्मी” एवढंच म्हणायची. या शहराच्या बाजूने कोणाला काय बोलायचंय ते बोला, मी पाच वाजताच्या शटरसाठी इथे राहिले आहे.

उपाशी_शनिवार:
तुमच्या घरच्या जेवणाच्या आड मी येत नाहीये. पण जास्त तास म्हणजे जास्त माणसांना काम, हे साधं गणित आहे. आणि कोथिंबीर हवी तर आपली भारतीय दुकानं उघडी असतातच की रात्री दहापर्यंत. त्यांना कसं जमतं?

रात्रपाळी:
चारशे चौरस मीटरपेक्षा लहान किराणा दुकानाला तो नियम लागू नाही, म्हणून जमतं. आणि तिथे दहापर्यंत कोण उभं असतं ते कधी पाहिलंत?

वहीतले_तास:
मी उभा असतो.

नाव सांगत नाही, दुकानाचंही नाही. विद्यार्थी व्हिसावर आहे, पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा. मालक आपल्याकडचेच. तासाला बारा डॉलर रोख. पहिले दोन आठवडे “ट्रेनिंग” म्हणून काहीच नाही. तांदळाची वीस किलोची पोती मागच्या खोलीतून मी एकटा आणतो. दिवाळीला मिठाईचा डबा दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हा आमच्या घरचाच मुलगा.

घरी सांगितलेलं नाही. बाबांनी जमीन गहाण टाकली आहे.

पॅरामॅटाकर:
बघा. हे आहे तुमचं निवांत गाव.

सांगलीकर:
सिडनीत असं होत नाही म्हणायचंय का तुम्हाला? दुसऱ्याच्या दुःखावर स्वतःचा मुद्दा चढवू नका.

पॅरामॅटाकर:
होतं, सगळीकडे होतं. पण सिडनीत तो मुलगा उद्या दुसऱ्या उपनगरात दुसऱ्या दुकानात उभा राहील, कोणी ओळखणार नाही. तुमच्याकडे मालक गणपतीच्या आरतीला त्याच्याच शेजारी टाळ घेऊन उभा असतो. तक्रार केली की मंडळात, मंदिरात, क्रिकेटच्या संघात, सगळीकडे तोंड बंद. मुलाखतीचं मी सांगितलं तेच हे, फक्त याचं जास्त वाईट. आम्ही चार वर्षांत किती वेळा ऐकलं, “जाऊ दे, आपलीच माणसं आहेत.” मी स्वतः एकदा गप्प बसलोय आणि त्याची मला आजही लाज वाटते. म्हणून त्या पोराला म्हटलं, निघ तिथून. सूर्यास्त आवडत नाहीत म्हणून नाही.

उपाशी_शनिवार:
पण सगळे दुकानदार असे नसतात. माझ्या दिरांचं दुकान आहे, ते पेस्लिप देतात, सुपर (निवृत्तीचा निधी) भरतात, आणि बारा डॉलरवाल्यांमुळे त्यांचाच माल महाग दिसतो. सरसकट बोलू नका!

रात्रपाळी:
सरसकट कोणीच बोललेलं नाही ताई. तुमच्या दिरांना तर सगळ्यात आधी राग यायला हवा.

गॅम्बियरवासी:
तुम्ही सगळे ॲडलेडला लहान म्हणताय हे वाचून मला काही सुचत नाही. मी माउंट गॅम्बियरला राहते. सत्तावीस हजारांच्या आसपास वस्ती. तुमच्या “लहान गावा”ला यायला मला साडेचारशे किलोमीटर गाडी चालवावी लागते. नवऱ्याला हृदयाचा डॉक्टर दाखवायचा तर पहाटे चारला निघतो. कढीपत्ता शीतपेटीत आणून गोठवते. मुलाच्या वर्गात मराठी सोडा, हिंदी समजणारंही कोणी नाही.

आणि तरी सांगते, बाळंतपणात माझ्या दारात सहा आठवडे जेवण येत होतं. ज्यांची नावंही मला नीट उच्चारता येत नव्हती त्या बायका आळीपाळीने आणत होत्या. एक आजी तर मला उकडलेल्या भाज्या जात नाहीत हे बघून इंटरनेटवर वाचून खिचडी करून घेऊन आली. हळद इतकी, की पिवळीधमक! मी रडत रडत खाल्ली. नोव्हेंबरात आमचा ब्लू लेक करड्याचा निळा होतो तेव्हा ती अजून फोन करते, चल बघायला.

पण वहीवाल्या मुलासारखं काही इथे माझ्या बाबतीत घडलं असतं तर कोणाकडे गेले असते, मला माहीत नाही. पॅरामॅटाकरांचं तेवढं मला पटतं.

वेल्डिंग_ते_व्हिसा:
मित्रा, मीही पहिल्या वर्षी एका ठिकाणी रोखीवर होतो. घाबरू नकोस. फेअर वर्क या कामगार-हक्कांच्या सरकारी यंत्रणेकडे विनामूल्य तक्रार करता येते, आणि किमान वेतन तुला मिळतंय त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून कमी पगार देणं फौजदारी गुन्हा आहे. व्हिसाची भीती घालत असतील तर तेही ऐकू नकोस. तास जास्त झाले असले तरी शोषणाची मदत मागितली म्हणून सहसा व्हिसा रद्द करत नाहीत, फेअर वर्क आणि व्हिसाचं खातं यांच्यात तशी व्यवस्थाच आहे.

वहीतले_तास:
पण माझ्याकडे पुरावा काय? पेस्लिप एकही नाही. बँकेतही काही नाही.

सांगलीकर:
मी दोन दिवस या धाग्यावर शहराची बाजू मांडतोय आणि या मुलाचं दुकान बहुतेक मला माहीत आहे. अंदाजाने नाव सांगणार नाही. पण मी तिथून वर्षभर आटा घेतलाय, रात्री साडेनऊला, “बरं झालं उघडं आहे” म्हणत. पोरगा पिशवी गाडीपर्यंत आणून द्यायचा. कधी विचारलं नाही, जेवलास का, किती मिळतात.

पॅरामॅटाकर, तुमचा सल्ला मला अजूनही मान्य नाही. घर सोडून जाणं हे उत्तर नाही, इथे राहून बोलायला लागलं पाहिजे. मात्र गप्प बसण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते खरं आहे, आणि ते मला तुमच्याकडून ऐकावं लागलं याचं वाईट वाटतंय. मंडळाच्या पुढच्या बैठकीत नव्या विद्यार्थ्यांसाठी वेतनाची माहिती वाटायचा विषय मी मांडतो. विरोध होईल, कोणाकडून तेही माहीत आहे.

पॅरामॅटाकर:
मांडा. झालं काय ते इथे लिहा. मग मी माझं उत्तर मागे घ्यायचं का ते बघतो.

रात्रपाळी:
वहीवाल्या बाळा, तुझं नावच ‘वहीतले तास’ आहे. खरंच लिहून ठेवलेत का?

वहीतले_तास:
हो ताई. पहिल्या दिवसापासून. तारीख, आलो किती वाजता, सुटलो किती वाजता. आईची सवय, ती दुधाचं असं लिहायची.

रात्रपाळी:
मग पुरावा आहे तुझ्याकडे. मालकाने पेस्लिप आणि नोंदी ठेवल्या नसतील तर तुझं म्हणणं खोटं आहे हे त्याला सिद्ध करावं लागतं, तुला नाही. आमच्या युनियनच्या बाईंनी हे मला स्वतः सांगितलंय. वहीच्या प्रत्येक पानाचा आज रात्रीच फोटो काढ आणि घरी पाठवून ठेव. व्यक्तिगत निरोप केलाय, त्यात पत्ता आहे. शनिवारी साडेसहानंतर ये, वही घेऊन. जेवायलाच ये.