रेकॉर्डिंग चालू असताना पुढचा-मागचा कॅमेरा बदलायचा कसा?

पाटावरवंटा:
उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ करायचा आहे. बोलताना पुढचा कॅमेरा आणि कळ्या पाडताना मागचा, असं एकाच रेकॉर्डिंगमध्ये हवंय. पण रेकॉर्डिंग सुरू केलं की कॅमेरा बदलायचं बटण दिसेनासं होतं. थांबवून बदलला तर मागच्या कॅमेऱ्यावर केलेलं फोकसचं लॉक सुटतं आणि पांढरीशुभ्र उकड राखाडी दिसायला लागते. पुढच्या कॅमेऱ्यात पिठाच्या पुडीवरची अक्षरंही उलटी येतात. शिवाय हात उकडीने भरलेले असतात, त्यामुळे स्क्रीनला न शिवता काही जमत असेल तर तेही सांगा. फोन दोन आहेत: आयफोन 13 आणि सॅमसंगचा ए मालिकेतला एक.

भिंग:
आधी एक साधी गोष्ट बघा. तिपाईवरच्या फोनचा पुढचा कॅमेरा तुमच्या चेहऱ्याकडे असेल, तर मागचा समोरच्या भिंतीकडे बघतोय. बटण सापडलं तरी परात दिसणार नाही, फोन फिरवावाच लागणार. म्हणून एकाच रेकॉर्डिंगचा हट्ट सोडा. दोन क्लिप घ्या आणि जोडा.

बटण का जातं, तर ते नुसतं दृश्य पालटत नाही. ॲप चालू कॅमेरा बंद करतं आणि दुसरा नव्याने उघडतं. दोघांचे सेन्सर वेगळे, भिंगं वेगळी, फोकसची सोयही वेगळी. पहिल्यावर केलेलं लॉक, झूम, फ्लॅश यातलं काही दुसऱ्याला लागू होत नाही. आयफोन 13 च्या पुढच्या कॅमेऱ्याला तर ऑटोफोकसच नाही, तो 14 पासून आला. तिथे स्क्रीनवर टिचकी मारली की फक्त उजेड कमीजास्त होतो. रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेरा बदलायचा तर चित्राचा आकार आणि फ्रेमचा वेग दोन्हीकडे सारखा लागतो. ए मालिकेतल्या बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा 1080पी आकार आणि सेकंदाला 30 फ्रेम यांवरच थांबतो. तेव्हा दोन्ही क्लिप 1080पी, 30 वर घ्या, जोडताना धक्का जाणवणार नाही.

दोन्ही कॅमेरे खरोखर एकाच वेळी हवे असतील तर 2019 च्या आयओएस 13 पासून आयफोन एक्सएस आणि नंतरच्या फोनवर दुसऱ्या ॲपना ते करता येतं. तुमचा आयफोन 13 त्यात बसतो. अॅपलच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमध्ये ही सोय आयफोन 17 पासून आहे. मोदकासाठी मात्र याची गरज नाही.

शक्य असेल तर बोलण्याचा भागही मागच्याच कॅमेऱ्याने घ्या. त्याचा सेन्सर मोठा असतो, आणि स्वयंपाकघरातल्या उजेडात हा फरक लगेच दिसतो.

चौरंग:
उकड राखाडी का होते ते सांगतो. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी मध्यम उजेडाचं धरून चालतो. परातभर तांदळाची उकड दिसली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो चित्र काळवंडवतो. मध्येच सावळा हात आत आला की पुन्हा उजळवतो. कळ्या पाडताना व्हिडिओ धडधडल्यासारखा दिसतो तो यामुळेच.

आयफोनवर उपाय असा. परातीच्या कडेला, जिथे उकड आणि पितळ दोन्ही दिसतंय, तिथे बोट दाबून धरा. वर पिवळ्या पट्टीत लॉक झाल्याचं दिसेल. मग चौकटीशेजारचं सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवा, उकड पांढरी होईपर्यंत. पारीच्या मुरडीतल्या बारीक सावल्या दिसत राहिल्या पाहिजेत. त्या पुसल्या गेल्या तर जास्त झालं, थोडं खाली घ्या. कॅमेरा बदलला की हे सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून मोदकाचा पूर्ण भाग सलग घ्या. सेटिंग्ज, कॅमेरा, प्रिझर्व्ह सेटिंग्जमध्ये एक्सपोजर ॲडजस्टमेंट चालू ठेवलं तर कॅमेऱ्याच्या कंट्रोल्समधून दिलेला कमीजास्त उजेड ॲप बंद केल्यावरही टिकतो. बोट दाबून केलेलं लॉक मात्र टिकत नाही.

सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओमध्ये लॉक कॅमेरा असेल तर तेही चालू करा. मागे भिंगं दोन असतात आणि फोन कधीकधी स्वतःहून एकावरून दुसऱ्यावर जातो, म्हणजे पुढचा-मागचा न करताही चित्र उडी मारतं. फोन परातीपासून एक वीतभर तरी वर ठेवा, फार जवळ नेला तर फोकस लागणार नाही.

आणखी एक. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो आणि 30 फ्रेमच्या व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसू शकतात. आयफोनवर रेकॉर्ड व्हिडिओमध्येच शो पाल फॉरमॅट्स चालू केलं की 25 फ्रेमचा पर्याय येतो. पट्टे दिसत असतील तर आयफोनच्या दोन्ही क्लिप त्यावर घ्या. खिडकीजवळ दिवसा करत असाल तर हे विसरा.

उलटसुलट:
अक्षरं रेकॉर्ड करतानाच उलटी दिसतात की जपलेल्या व्हिडिओतही? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. समोर दिसणारं चित्र मुद्दाम आरशासारखं ठेवतात, नाहीतर केस सावरायला हात भलतीकडेच जातो. ते तसंच असू द्या. जपलेलं चित्रही उलटं असेल तर आयफोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, मिरर फ्रंट कॅमेरा बंद करा. सॅमसंगवर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये सेव्ह सेल्फीज ॲज प्रीव्ह्यूड नावाचं बटण आहे, तेही बंद. मग पुडी हातात धरून पाच सेकंदांची क्लिप घ्या आणि गॅलरीत उघडून वाचा. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर काही करायला नको, तिथे आपल्याला उलटं दिसलं तरी समोरच्याला सुलटंच दिसतं.

तिपाई:
हात भरलेले असताना सॅमसंग सोपा पडतो. कॅमेरा सेटिंग्ज, शूटिंग मेथड्स उघडा. व्हॉइस कमांड्स चालू केलं की इंग्रजीत 'रेकॉर्ड व्हिडिओ' म्हटलं तरी रेकॉर्डिंग सुरू होतं. शो पाम चालू असेल तर पंजा दाखवूनही होतं. मोदक करताना पंजा वारंवार उघडा पडतो, म्हणून मी आवाजाचा पर्याय सुचवीन.

दोन्ही फोनला चालणारा उपाय म्हणजे ब्लूटूथ रिमोट. तो फोनला आवाज वाढवायच्या बटणाचा इशारा देतो, आणि कॅमेरा ॲपमध्ये त्याच बटणाने रेकॉर्डिंग सुरू-बंद होतं. सॅमसंगवर शूटिंग मेथड्समध्येच व्हॉल्यूम बटण झूमला जोडलेलं नाही ना, ते पाहून घ्या. रिमोट चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा कारण तेच निघतं. रिमोट पातळ पिशवीत गुंडाळून ओट्यावर ठेवा, कोपरानेही दाबता येतो. अॅपल वॉच असेल तर त्यातल्या कॅमेरा रिमोटवरून पुढचा-मागचाही बदलता येतो.

एक सावधगिरी: सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर चित्रावर बोट वर-खाली ओढलं की कॅमेरा बदलतो. तिपाई नीट करताना चुकून बोट लागतं आणि मग लॉक का गेलं ते कळत नाही.

पाटावरवंटा:
दोन क्लिपचं पटलं. आता सॅमसंगवर व्हिडिओ कॉल झाल्यापासून पुढचा कॅमेरा काळा दिसतोय, मागचा ठीक आहे.

भिंग:
अँड्रॉइड 12 पासून वरच्या पट्टीत कॅमेरा ॲक्सेसचं बटण असतं, पण ते बंद असेल तर दोन्ही कॅमेरे काळे दिसतात. तेव्हा कारण ते नाही. कॉलचं ॲप फोर्स स्टॉप करा, फोन रीस्टार्ट करा. तरीही काळा असेल तर डायलरवर *#0*# टाका आणि उघडलेल्या तक्त्यात फ्रंट कॅम दाबा. तिथे चित्र आलं तर दोष ॲपमध्ये आहे, कॅमेरा ॲपच्या स्टोरेजमधून डेटा क्लिअर करा. तिथेही काळंच असेल तर आधी टेम्पर्ड ग्लास सरकून भिंगावर आली नाही ना ते पाहा. अलीकडे डिस्प्ले बदलला असेल तर आतली कॅमेऱ्याची पट्टी सैल बसलेली असू शकते. ती दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बसवून घ्या, घरी उघडू नका.