सोसायटी ग्रुप : माल्टाला जाताय? आधी टाकीचं बघा

देशपांडे काकू (ए-२०४): नमस्कार मंडळी. मेमध्ये आम्ही दोघं माल्टाला चाललोय, भाचीकडे. पाच दिवस आहेत. समुद्रात डुंबणं आमच्याच्यानं होणार नाही. बाकी काय बघू?

प्रशांत (बी-१०३): मालदीव ना काकू?

देशपांडे काकू: माल्टा रे. इटलीच्या सिसिली बेटाच्या खाली.

नीलिमाताई (बी-३०१): काकू, विमानाच्याही आधी हायपोजियमचं तिकीट बघा. पाओला गावात घरांच्या रांगेतच दार आहे आणि खाली दगडात कोरलेली तीन मजली दफनभूमी, पाच हजार वर्षांपूर्वीची. माणसांच्या श्वासानं छतावरची गेरूची नक्षी खराब होते, म्हणून दिवसाला ८० जणच सोडतात. आम्ही ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणालो आणि दारातूनच परत! हे अजून ऐकवतात मला.

प्रशांत: जमिनीखालचं सापडलं कसं?

नीलिमाताई: १९०२ मध्ये घरं बांधताना पाण्याची टाकी खोदत होते. आणि म्हणे बांधणाऱ्यांनी आधी दाबूनच ठेवलं.

जोशी काका (ए-१०१): बिल्डर तो बिल्डर 😄

सेक्रेटरी: टाकीवरून आठवलं. उद्या १० ते १ पाणी बंद.

जोशी काका: वहिनी, मी ऑफिसच्या कामानं गेलो होतो. राजधानी वॅलेटातलं सेंट जॉन चर्च चुकवू नका. टाचेच्या चपला मात्र नकोत, आत सोडत नाहीत. सगळी फरशी म्हणजे पूर्वी माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती सरदारांची थडगी, रंगीत संगमरवरात सांगाडे काढलेले. आपण चालतो ते त्यांच्यावरूनच. शेजारच्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं योहानाच्या (म्हणजे याच सेंट जॉनच्या) शिरच्छेदाचं चित्र, १६०८ चं. मानेतून सांडलेल्या रक्तातच पठ्ठ्यानं सही केलीय. त्याची सही असलेलं तेवढं एकच. मी अर्धा तास उभा होतो, आणि मला चित्रातलं काही कळत नाही.
भाषा पण गंमतच. मूळ अरबी, लिपी रोमन. लोक कॅथलिक, पण देवाला ‘अल्ला’ म्हणतात आणि ईस्टरआधीच्या उपासांना ‘रान्दान’. आपला रमजानच की! जगाला ‘दिन्या’.

देशपांडे काकू: आणि शाकाहारी माणसानं खायचं काय?

नीलिमाताई: पास्तित्सी. मटारचं सारण भरलेली खुसखुशीत करंजी म्हणा. पण पिठात डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या.

देशपांडे काकू: अरे देवा. बरं, तिकीट बघितलं. १९ तारखेची तीनच उरली होती, तिन्ही घेतली. भाची म्हणते, मी चार वर्षं इथे राहतेय, अजून आत गेले नाही.