मदत हवी आहे: ‘ओघवती शैली’ला पर्याय

निंबोणी:
एका ललित लेखसंग्रहाचा दीडशे शब्दांत परिचय लिहिते आहे. त्यात ‘ओघवती’ तीनदा आलंय. लेखन मुद्दाम घडवलेलं वाटत नाही, एवढंच सांगायचंय. सहज, अनायास, लीलया, प्रासादिक हे एकमेकांच्या जागी चालतील का?

तळटीप:
नाही चालणार. ‘सहज शैली’ म्हणा खुशाल, पण ‘सहज लिहिलंय’ म्हटलंत की ते ‘सहज आलो होतो’सारखं ऐकू येतं, म्हणजे विशेष काही कारण नव्हतं. तिथे ‘सहजतेनं’ करा.

‘अनायासे’ म्हणजे आयतं, न ठरवता. ‘अनायासे आलाच आहात तर जेवून जा.’ शैलीला लावलंत तर लेखिकेच्या हातून चुकून बरं लिहून झालं, असा वास येतो.

‘लीलया’ ही ‘लीला’ची संस्कृत तृतीया, म्हणजे ‘लीलेने’. म्हणून ‘अवघड विषय लीलया उलगडते’ बरोबर, ‘लीलया शैली’ चूक. शिवाय उचललेलं ओझं खरंच जड असावं लागतं. सकाळच्या चहावरच्या लेखाला हा शब्द पेलत नाही.

‘प्रासादिक’ आला ‘प्रसाद’वरून, ‘प्रासाद’ म्हणजे राजवाडा, त्याचा इथे संबंध नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात माधुर्य, ओज आणि प्रसाद असे काव्याचे तीनच गुण मानले. वाळक्या सरपणात आग पसरावी तसा अर्थ मनात झटकन पसरतो, तो प्रसाद. म्हणजे हा शब्द वाचकाला किती चटकन कळतं ते सांगतो, लिहिणाऱ्याला किती कष्ट पडले ते नाही. मराठीत त्याला संतवाणीचा, कृपेने स्फुरल्याचा रंगही चढलाय. तिरकस शहरी लेखांना तो विनोदी दिसेल.

मोरपीस:
‘उत्स्फूर्त’ही टाळा, त्यात पूर्वतयारी नसल्याचं येतं. ‘अस्खलित’ बोलण्याला, न अडखळण्याला. ‘बाळबोध’ पूर्वी सोपं या अर्थी चाले, आता टोमणाच.
आणि लिंग सांभाळा: ओघवती भाषा, पण ओघवतं लेखन.

निंबोणी:
मग हे कसं वाटतं? ‘साध्या भाषेत लेखिका अनायास, लीलया मनातलं सांगते.’

तळटीप:
दोन्ही क्रियाविशेषणं काढा. एक म्हणतं आपोआप झालं, दुसरं म्हणतं कौशल्यानं केलं. शेजारी बसवले की भांडतात. त्यापेक्षा दिसतं ते लिहा: ‘लेखिका समोर बसून गप्पा माराव्यात तशी लिहिते, वाक्यं छोटी, उपमा मोजक्या.’ विशेषण हवंच असेल तर ‘अकृत्रिम’ तुमच्या अर्थाच्या सगळ्यात जवळ. ‘अनलंकृत’ नको, अलंकार नसलेलं लेखन रुक्षही असू शकतं.

वाक्यं खरंच तुटक असतील तर तिन्ही ‘ओघवती’ खोडा. तुटक लेखन सहज असेल, ओघवतं नसतं.