मदत हवी आहे: मराठी विनोदी गाण्यांचा कार्यक्रम, जुन्या रेकॉर्डी आणि कॉपीराइट

नमस्कार मंडळी, मी कोथरूडला राहतो. अमेरिकेत बॅरेट हॅन्सन नावाचे गृहस्थ ‘डॉ. डिमेंटो’ या नावाने १९७० पासून २०२५ पर्यंत, म्हणजे तब्बल ५५ वर्षं, आधी रेडिओवर आणि २०१० नंतर नेटवर विनोदी, विक्षिप्त आणि विडंबनाची गाणी लावत होते. लोकसंगीतात एमए केलेला माणूस, आणि श्रोते फर्माईश करतील त्यावरून गाण्यांचा नंबर ठरायचा. १९७६ ला एका १६ वर्षांच्या पोराने घरी अ‍ॅकॉर्डियन वाजवून भरलेली कॅसेट त्यांनी लावली, तोच पुढे ‘विअर्ड अ‍ॅल’ यांकोविक म्हणून जगभर गाजला. नवशिक्या पोराला अशी जागा देणारं कुणीतरी असावं लागतं हो.

आपल्याकडे भावगीतं, नाट्यगीतं, अभंग यांचे कार्यक्रम भरपूर आहेत आणि ते हवेतच, पण विनोदी गाणं मात्र मधेच तोंडी लावण्यापुरतं येतं. म्हणून आम्ही तिघं मित्र दर रविवारी अर्धा तास फक्त अशीच गाणी, बतावण्या, नकला लावायचा आणि नव्या पोरांची विडंबनं मागवायचा विचार करतोय. बाबांच्या मित्राने ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या) रेकॉर्डींचं एक खोकं दिलंय, बऱ्याच धुळीने माखल्यात पण तडे नाहीत. या कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या आणि नेटवर टाकल्या तर कॉपीराइटचं काय, कुणी हे केलं असेल तर प्लीज नीट सांगा.

प्रतिसाद १
आधी एक, धूळ पुसायला स्पिरिट अजिबात लावू नका, त्या लाखेच्या असतात, खराब होतील. एलपीची (नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डींची) पिनही चालत नाही, ७८ ची खाच रुंद असते त्यामुळे जाड सुई वेगळी लागते आणि टर्नटेबलवर ७८ चा स्पीड आहे ना ते बघा.

कॉपीराइटमध्ये लोक हमखास गोंधळतात. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ ची, पण अत्रे गेले १९६९ ला, म्हणजे २०२९ संपेपर्यंत हक्क आहेच, त्यातलं काही गायचं तर परवानगी घ्या. ठरलेली रॉयल्टी भरून गाणी लावायची कायद्यातली सोय रेडिओला आहे, पण २०१९ ला मुंबई हायकोर्टाने ती इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नाही असा निकाल दिलाय. त्यामुळे जुन्या गाण्यांसाठी आधी पुणे विद्यापीठाच्या विद्यावाणी या रेडिओ केंद्राला विचारा, आणि पोरांच्या स्वतःच्या चालीवरच्या गाण्यांचा भाग त्यांची लेखी परवानगी घेऊन नेटवर लगेच सुरू करा.

धागाकर्ता
खूप आभार, रेडिओचं डोक्यातच नव्हतं, उद्याच फोन करतो. जाड सुई पुण्यात कुठे मिळेल? जुन्या बाजारात रविवारी मिळते का, का बुधवारी जाऊ?