माउसने पान लावणारा शिकाऊ? मला हे पटत नाही

जुनाखिळा: ‘माउस धरून पान लावणारा ऑपरेटर अजून शिकाऊच’, असं काल इथे कुणीतरी लिहिलं. डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. मी पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासून संगणकावर अंक-पुस्तकांची पानं लावतो, आता इनडिझाइनमध्ये. कीबोर्डचे शॉर्टकट मोजून दहा येतात, बाकी सगळं मेन्यूतून. शब्दांमध्ये भोकं कुठे पडलीत, एकच ओळ पुढच्या कॉलमात कुठे सुटलीय, हे ज्याला पटकन दिसतं त्याचं पान लवकर लागतं. बोटांचं काय घेऊन बसलात?

समासरेषा: ते मीच लिहिलंय. दोनशे चित्रांचं पुस्तक घ्या. चित्राने फ्रेम, म्हणजे त्याची चौकट, भरायला कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-सी, झालं. तुम्ही ऑब्जेक्ट उघडणार, मग फिटिंग, मग त्यातली नेमकी ओळ. दोनशे वेळा! ज्या नजरेचं कौतुक सांगताय, ती तितक्याच वेळा पानावरून हटते.

वेलांटी: आणि डब्ल्यूचं काय? प्रिव्ह्यू, म्हणजे छापल्यावर पान कसं दिसेल ते, बघायला डब्ल्यू दाबला, कर्सर होता मथळ्यात. शेवटचं प्रूफ वाचून झालं होतं. मराठी मथळ्याच्या शेपटाला रोमन डब्ल्यू तसाच छापून आला. अंक हातात घेतला तेव्हा पोटात गोळा आला.

समासरेषा: आधी एस्केप दाबून कर्सर मजकुरातून बाहेर काढायचा असतो.

वेलांटी: माहीत आहे हो! रात्री दोनला, पान छपाईला सोडायची घाई असताना विसरतं माणूस.

चौकट१२: खरं दुखणं वेगळंच आहे. इनडिझाइनमध्ये स्टाइलला, म्हणजे मजकुराच्या ठरवून ठेवलेल्या रूपाला, शॉर्टकट द्यायचा तर आकडा नंबर पॅडवरचाच लागतो, वरच्या रांगेतला चालत नाही. लॅपटॉपला नंबर पॅड नाही. मी आता फक्त त्यासाठी वेगळा कीबोर्ड बॅगेतून वागवतो.

समासरेषा: कंट्रोल-एंटर. क्विक अप्लाय उघडतं, स्टाइलच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करा, एंटर.

चौकट१२: आमच्या टेम्प्लेटमध्ये ‘मजकूर’, ‘मजकूर नवा’, ‘मजकूर नवा २’ अशा स्टाइल आहेत. काय टाइप करू?

समासरेषा: मग नावं सुधारा, कीबोर्डला दोष कशाला?

चौकट१२: टेम्प्लेट माझं नाही, बदलायची परवानगीही नाही. दुसऱ्याची अडचण समजून न घेता उपदेश करू नका.

जुनाखिळा: मशीन सामायिक असलं की आणखी घोळ. क्वार्क या पानं लावायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-ई म्हणजे चित्र आणणं, इनडिझाइनमध्ये एक्सपोर्ट. इनडिझाइनला क्वार्कचा शॉर्टकट-संच लावता येतो. आमच्याकडे कुणीतरी तो लावून गेलं आणि मी अर्धा तास सगळ्यांवर चिडत बसलो. मेन्यू असा दगा देत नाही.

समासरेषा: सामायिक मशीनचा मुद्दा बरोबर आहे. एवढाच.

जुनाखिळा: कंट्रोल-एंटर मला ठाऊक नव्हतं. आत्ता करून पाहिलं, कामाचं आहे. आता अकरा येतात. पण ‘शिकाऊ’ मागे घ्या.

समासरेषा: घेतला. फिटिंगचं मात्र मी म्हणतो तेच खरं.

चौकट१२: आणि नंबर पॅडचं?